डॉक्टरांचा व्यवसाय, कर आणि हिशेब : काही आवश्यक माहिती

आपल्या संस्थेच्या वतीने गुणवंतांचा सत्कार होतो, तेव्हा डॉक्टर झालेल्या मुला-मुलींची नावे व्यासपीठावरून पुकारली जातात आणि सभागृहात बसलेल्या वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावतात. ज्यांच्या आजोबांना गावातील वैद्य औषधाची पुडी लांबूनच टाकत असे, त्यांची नात आज गळ्यात स्टेथोस्कोप घालून सर्वांना तपासते आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घडवून आणलेल्या परिवर्तनाचे याहून मोठे प्रमाण ते कोणते?

परंतु डॉक्टर कसे व्हावे हे सांगणारे आता समाजात पुष्कळ आहेत. डॉक्टर झाल्यावर हाती येणाऱ्या पैशाचा हिशेब कसा ठेवावा, हे सांगणारे मात्र घरात कोणी नसते. ज्यांच्या घरी दोन पिढ्यांपासून दवाखाना आहे, त्यांना या गोष्टी जेवताना बोलता बोलता कळतात. आपली मुले बहुधा घरातील पहिलीच डॉक्टर. वडील कामगार, शिक्षक किंवा शिपाई. त्यांनी आयुष्यभर पगाराची चिठ्ठी पाहिली. धंद्याची खतावणी पाहिली नाही. ही उणीव थोडी भरून निघावी म्हणून हा लेख.

आम्ही बँकेत कारकून आहोत आणि कला शाखेचे पदवीधर आहोत. करविषयक अंतिम सल्ला सी.ए. यांच्याकडूनच घ्यावा. पण त्यांच्यापुढे बसल्यावर काय विचारावे, एवढे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आपल्याच समाजातील एक तरुण डॉक्टर आमच्या टेबलापाशी आले. नाव-गाव सांगत नाही. दवाखाना उत्तम चालत होता, हाताला गुण होता. त्यांना दहा खाटांचे रुग्णालय काढायचे होते व त्यासाठी साठ लाखांचे कर्ज हवे होते. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांची मुदत धरली, तर हप्ता महिन्याला ऐंशी हजारांच्या घरात जातो, म्हणजे वर्षाला साडेनऊ लाख. आणि त्यांच्या तीन वर्षांच्या आयकर विवरणपत्रांत वार्षिक उत्पन्न होते चार लाखांच्या आसपास!

"साहेब, खरे उत्पन्न याच्या कितीतरी पट आहे," ते म्हणाले. असेलही. पण बँकेला कागद दिसतो. एक रुपया हप्ता फेडायला सव्वा ते दीड रुपया शिल्लक दिसावी, असा बँकांचा साधारण हिशेब असतो. प्रस्ताव नामंजूर झाला. पुढे त्यांनी खाजगी सावकाराचे पैसे उचलले आणि त्या व्याजात त्यांची काही वर्षे गेली.

वाईट याचे वाटते, की उत्पन्न कमी दाखवण्याची त्यांना गरजच नव्हती. कायद्याने दिलेल्या सवलतीची माहिती असती, तर खरी जमा दाखवूनही त्यांना फारसा कर पडला नसता. ही सवलत कोणती, ते पुढे पाहू. त्याआधी एका मूळ प्रश्नाचे उत्तर हवे.

आपण नोकर की व्यावसायिक?

एखाद्या रुग्णालयातून दरमहा पैसे मिळतात, म्हणून ते पगारच असतात असे नाही. रुग्णालय आपल्याला कर्मचारी म्हणून नेमते, तेव्हा भविष्यनिर्वाह निधी, रजा, ग्रॅच्युइटी मिळते, कामाचे तास ठरलेले असतात, इतरत्र व्यवसाय करायला बंदी असते. हे उत्पन्न 'पगार' या सदरात येते. उलट, आपण सल्लागार म्हणून जातो, फीचा हिस्सा किंवा ठराविक मानधन घेतो, दुसऱ्या रुग्णालयातही बसतो, तेव्हा ते 'व्यवसायाचे उत्पन्न' ठरते. पुण्यातील एका रुग्णालयाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सल्लागार डॉक्टरांना नोकर मानण्यास नकार दिला. ठराविक रक्कम मिळते एवढ्यावरून डॉक्टर नोकर ठरत नाहीत. करारातील सर्व अटी एकत्र पाहाव्या लागतात. म्हणून सही करण्यापूर्वी करारपत्र पूर्ण वाचा व त्याची प्रत मागून घ्या.

हा फरक नावापुरता नाही. व्यावसायिक फीमधून रुग्णालय साधारणपणे दहा टक्के कर आधीच कापते, यालाच टी.डी.एस. म्हणतात. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा अधिक फी दिल्यास ही कपात होते. कापलेला कर आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे कपातीच्या वार्षिक विवरणात दिसते. जुन्या लोकांना ते '२६ एएस' म्हणून माहीत आहे. विवरणपत्र भरताना हा कागद समोर हवाच. कोणत्या रुग्णालयाने आपल्याला किती रक्कम दिली हे आयकर खात्याला आधीच कळलेले असते. आपण त्याहून कमी दाखवले की नोटीस येते.

निम्म्या जमेचा नियम

आता ती सवलत. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१६ च्या वित्त कायद्याने ४४ एडीए हे कलम घालण्यात आले. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, तरी ही तरतूद कायम आहे. डॉक्टर, वकील, अभियंते इत्यादी व्यावसायिकांची वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर त्या जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते. उरलेला निम्मा भाग खर्च समजला जातो. त्याच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत. रोखीची जमा एकूण जमेच्या पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ही मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते. ही वाढ २०२३ च्या वित्त कायद्याने झाली.

उदाहरण घेऊ. एका सल्लागार डॉक्टरांची २०२५-२६ या आर्थिक वर्षातील एकूण जमा २४ लाख रुपये आहे. निम्म्याच्या नियमाने नफा १२ लाख. त्या वर्षाच्या नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० रुपये, ८ ते १२ लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,००० रुपये. कर झाला ६०,०००. पण १२ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला तेवढीच, म्हणजे ६०,००० रुपयांची सूट आहे. कर शून्य! रुग्णालयांनी वर्षभरात दहा टक्क्यांनी कापलेले २,४०,००० रुपये विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात. मात्र ठेवींवरील व्याज वगैरे इतर उत्पन्न असेल, तर ते या १२ लाखांत मिळवून हिशेब करावा लागतो.

तेच २४ लाख पगार म्हणून मिळाले असते, तर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन २३ लाख २५ हजारांवर, उपकरासह २,९२,५०० रुपये कर झाला असता. अर्थात एवढ्यावरून नोकरी वाईट असे कोणी समजू नये. नोकरदाराला निधी, रजा, निश्चिती मिळते. व्यावसायिकाला आपली खोली, मदतनीस, विमा सर्व पदरचे करावे लागते. आणि आपण कोण, हे आपल्या सोयीने ठरत नाही. कामाच्या खऱ्या स्वरूपावरून ठरते.

आता आमच्या टेबलापाशी आलेल्या त्या डॉक्टरांची आठवण करा. निम्म्याचा हा नियम हाताशी असताना त्यांनी कमी जमा दाखवून काय मिळवले? थोडा कर वाचवला आणि रुग्णालय गमावले.

या नियमाचीही पथ्ये आहेत. प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून कमी असेल, तर निम्म्यापेक्षा जास्त नफा दाखवण्याची मुभा आहे. कर्ज घ्यायचे मनात असेल, तर तसे जरूर दाखवावे. प्रत्यक्ष खर्च निम्म्याहून अधिक असेल आणि नफा कमी दाखवायचा असेल, तर हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतात आणि उत्पन्न करपात्र मर्यादेपेक्षा जास्त असल्यास सी.ए. कडून ऑडिट करून घ्यावे लागते. या नियमाखालील आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भरता येतो. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर व मार्च या महिन्यांच्या १५ तारखांना चार हप्ते आहेत.

शिक्षणासाठी कर्ज काढलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. म्हणून दोन्ही प्रणालींचा हिशेब मांडून पाहावा. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्यांना पगारदारांप्रमाणे दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही, हेही विसरू नये.

वह्या आणि खाते

निम्म्याच्या नियमात वह्यांची सक्ती नसली, तरी आमचा आग्रह आहे की वह्या ठेवाव्यात. दवाखान्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे उघडावे. रुग्णाला पावती द्यावी. डॉक्टरांनी रोजच्या रुग्णांची नोंदवही ठेवावी, हे १९६२ च्या आयकर नियमांतही सांगितलेले होते. तीत तारीख, रुग्णाचे नाव, दिलेली सेवा, घेतलेली फी एवढे लिहायचे असते. वर्षअखेरीस शिल्लक औषधांची यादी करावी. भाडे, वीज, मदतनिसाचा पगार, उपकरणांची बिले एका फाईलमध्ये लावावीत. रात्री दवाखाना बंद करताना दहा मिनिटांचे हे काम आहे.

रोखीबद्दल दोन नियम पाठ करावेत. एका व्यक्तीकडून एका दिवसात, किंवा एकाच उपचारासाठी, दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. आणि एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च रोखीने दिला, तर वह्या ठेवणाऱ्याला तो खर्च म्हणून वजा मिळत नाही.

व्यवसायाची मांडणी

"कंपनी काढू का? ट्रस्ट काढू का?" असे तरुण डॉक्टर विचारतात. क्रमाने पाहू.

एकट्याचा दवाखाना, म्हणजे प्रोप्रायटरी. वेगळी नोंदणी लागत नाही, डॉक्टरांचे पॅन तेच दवाखान्याचे. निम्म्याचा नियम लागू. धोका एवढाच की दवाखान्याचे कर्ज थकले तर डॉक्टरांची स्वतःची मालमत्ताही जबाबदार. सुरुवात करणाऱ्या बहुतेकांना हीच मांडणी योग्य.

भागीदारी. दोघा-तिघांनी मिळून रुग्णालय काढले, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली करार करता येतो. भागीदारी संस्थेच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के व त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कर आहे. पण त्याआधी काम करणाऱ्या भागीदारांचा पगार वजा होतो. २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाख नफ्याच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के इतका पगार मान्य आहे. समजा पगारापूर्वीचा नफा २० लाख आहे. मान्य पगार ५ लाख ४० हजार अधिक ८ लाख ४० हजार, म्हणजे १३ लाख ८० हजार. संस्थेला कर फक्त उरलेल्या ६ लाख २० हजारांवर. पगारावर भागीदार आपापल्या विवरणपत्रात कर भरतात. नफ्याच्या हिश्शावर त्यांना पुन्हा कर नाही. लेखी करारात पगाराचे कलम नसेल, तर ही वजावट मिळत नाही. म्हणून तोंडी भागीदारी करू नये. मित्र कितीही जिवाभावाचा असो, भांडवल कोणाचे किती, नफा कसा, कोणी सोडून गेल्यास उपकरणे कोणाची, हे स्टॅम्पपेपरवर लिहावे. लिहून ठेवले की मैत्री टिकते.

एल.एल.पी. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित जबाबदारीची भागीदारी. कर भागीदारीसारखाच, पण निम्म्याचा नियम हिला लागू नाही. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या पुढे गेले की ऑडिट सक्तीचे.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. कराचा दर कमी दिसतो; ठराविक वजावटी सोडल्यास २२ टक्के, अधिभार व उपकर धरून सुमारे २५.१७ टक्के. पण कंपनीतील पैसा डॉक्टरांचा नसतो. तो पगार म्हणून काढला तर पगारावर कर, लाभांश म्हणून काढला तर १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरही घेणाऱ्याला कर. शिवाय एक रुपयाचा धंदा झाला तरी दरवर्षी ऑडिट आणि कंपनी निबंधकांकडे कागदपत्रे. नफा बाहेर न काढता मोठे रुग्णालय वाढवायचे असेल, बाहेरचे भांडवल घ्यायचे असेल, तरच कंपनीचा विचार करावा.

येथे एक गैरसमज दूर करू. कंपनी किंवा एल.एल.पी. केली म्हणजे उपचारातील चुकीपासून डॉक्टर सुटतात, असे नाही. स्वतःच्या हातून झालेल्या हयगयीची जबाबदारी स्वतःचीच राहते. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. त्यासाठी व्यावसायिक विमाच घ्यावा लागतो.

ट्रस्ट. "ट्रस्ट काढला की कर नाही," हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. सार्वजनिक न्यास हा समाजाचा असतो. विश्वस्त हे त्याचे राखणदार. आपल्यासारख्या संस्थेत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. आयकर खात्याकडे स्वतंत्र नोंदणी, उत्पन्नाच्या ८५ टक्के भागाचा उद्दिष्टांसाठी विनियोग, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब ही बंधने पाळली तरच सूट मिळते, आणि विश्वस्तांना अवाजवी लाभ दिल्यास ती धोक्यात येते. महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ज्यांना खरोखर सेवा करायची आहे त्यांनी ट्रस्ट काढावा; ज्यांना कर वाचवायचा आहे त्यांनी नव्हे.

इतर कर आणि एक मोह

डॉक्टरांच्या उपचारसेवेला जी.एस.टी. माफ आहे. मात्र केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया, केशरोपण यांना माफी नाही; जन्मजात व्यंग किंवा अपघातानंतरची दुरुस्ती असेल तर माफी आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकांना औषधे विकण्याचे दुकान असेल, तर तो व्यापार आहे; त्याचा हिशेब व नोंदणीचा विचार वेगळा करावा. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांना वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर आहे. रक्कम लहान, म्हणून विसरली जाते आणि मग व्याज-दंडासह समोर येते.

मोह म्हणजे 'कट' आणि भेटवस्तू. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटी हा कंपन्यांचा वैध खर्च नव्हे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. १ जुलै २०२२ पासून व्यवसायानिमित्त मिळालेला असा लाभ वर्षात २०,००० रुपयांच्या पुढे गेला, तर देणाऱ्याला त्यावर दहा टक्के कर कापावा लागतो. म्हणजे परदेशी सहल डॉक्टरांच्या पॅनवर उमटते. परंतु कराची भीती बाजूला ठेवली, तरी प्रश्न उरतोच. नको असलेल्या तपासणीचे पैसे शेवटी कोण भरतो? आपल्याच वस्तीतील मोलमजुरी करणारी एखादी माऊली!

समारोप

सम्यक आजीविका हे आर्य अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे : एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यात, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखून ठेवलेला. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा सल्ला आजही कोणत्याही बँकेच्या कसोटीला उतरेल. पण मिळकतीचे चार भाग करायचे, तर मिळकत किती हे आधी लिहून ठेवले पाहिजे.

आणि हिशेब हा आपला विषय नाही, असे तर आपण म्हणूच नये. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केले. सरकारच्या जमाखर्चाची चिकित्सा करणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी. आपल्या दवाखान्याच्या जमाखर्चाला भिऊन कसे चालेल?

म्हणून आमच्या तरुण डॉक्टरांना एवढेच सांगणे आहे. पहिल्या महिन्यापासून वेगळे खाते, पहिल्या रुग्णापासून पावती, पहिल्या वर्षापासून खरे विवरणपत्र. सुरुवात साध्या मांडणीने करा. व्यवसाय वाढला की मांडणी वाढवा. तीन वर्षांची स्वच्छ विवरणपत्रे घेऊन तुम्ही बँकेच्या दारात आलात, की टेबलापलीकडे बसलेल्या आमच्यासारख्यांना तुमचा कागद अभिमानाने पुढे सरकवता येईल. वस्तीत एक रुग्णालय उभे राहील, आणि तुमच्यामागून येणाऱ्या मुलांना हे सांगायला घरात कोणीतरी असेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.